नुसता पाण्याचा संप, त्यात कसलं ट्रेनिंग? ‘कमी जोखमी’च्या बंदिस्त जागेत उतरण्याआधी हे वाचा

बेळगाव : रविवारची सकाळ. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस आहेत. तेवढ्यात घरचा संप धुवून घ्यावा असं ठरतं. मोटर लावून उरलंसुरलं पाणी उपसलं जातं, दोन बाय दोनचं लोखंडी झाकण बाजूला सरकतं, शिडी आत सोडली जाते आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कुणीतरी खाली उतरतं. हातात खराटा, बादलीत ब्लीचिंग पावडर. टिळकवाडी असो, शहापूर असो की वडगाव-अनगोळ, हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही असं घर सापडणं अवघड.

बहुतेक वेळा काही होत नाही. माणूस अर्ध्या तासात घामाघूम होऊन वर येतो, चहा घेतो, विषय संपतो. अडचण नेमकी इथंच आहे. काही होत नाही म्हणून आपण त्या जागेला निर्धोक समजायला लागतो.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामगारांसाठी अशा जागांबद्दलचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. बघायला गेलो होतो. प्रशिक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “घरचा संप कुणी कुणी धुतलाय?” जवळजवळ सगळ्यांचे हात वर. “झाकण उघडल्यावर किती वेळ थांबला होतात?” आता एकही हात नाही. मागच्या बाकावरचे एक मामा म्हणाले, “थांबायचं कशाला साहेब? नुसतं पाणीच तर असतंय.”

हा लेख त्या ‘नुसतं पाणीच’बद्दल आहे.

बंदिस्त जागा म्हणजे काय?

कारखान्यात याला ‘कन्फाइंड स्पेस’ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर माणूस आत शिरून काम करू शकेल एवढी मोठी, पण आत-बाहेर करायची वाट अरुंद किंवा अवघड, आणि माणसानं कायम बसून काम करावं म्हणून बांधलेली नाही, अशी जागा. बॉयलरचा ड्रम, साखर कारखान्यातली मळीची टाकी, सांडपाण्याचा हौद, भट्टीचा धुराडा, विहीर, धान्याचं पेव, गोबरगॅसचा खड्डा, पाण्याचा संप, नगरपालिकेचं व्हॉल्व्ह चेंबर, केबलचा खड्डा, लिफ्टचा खड्डा. जागा जमिनीखालीच असली पाहिजे असं नाही. गच्चीवरची सिमेंटची टाकीही यातच येते. वरून उघडा असलेला खोल खड्डासुद्धा येतो, कारण जड वायू खाली साचून राहतो, त्याला वरचं उघडं तोंड पुरत नाही.

या सगळ्या जागा सारख्याच धोकादायक नाहीत. ब्रिटनमध्ये बंदिस्त जागांसाठी १९९७ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि तिथलं प्रशिक्षण कमी, मध्यम आणि जास्त जोखीम अशा तीन पायऱ्यांनी दिलं जातं. अमेरिकेत १९९३ च्या नियमानं परमिट लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या अशा जागा वेगळ्या केल्या. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात अशी प्रतवारी नव्हती. पण मोठ्या कंपन्यांच्या आणि त्यांच्या कंत्राटदारांच्या मार्फत ‘लो रिस्क’ हा शब्द आपल्याकडच्या वर्कशॉपमध्येही आला आहे. आणि तो आला की माणसं अर्धवट ऐकतात. ‘लो रिस्क’ म्हटलं की ‘नो रिस्क’ ऐकू येतं.

कमी जोखमीची जागा म्हणजे जिथं सरळ उतरता येतं, तितक्याच सहज वर येता येतं, हवा आपोआप खेळती आहे, आत गाळ नाही, रसायन नाही, पाणी अचानक भरण्याची शक्यता नाही, आणि जिथं विषारी वायू असण्याचं किंवा ऑक्सिजन कमी पडण्याचं काही कारण दिसत नाही. नळपाण्याच्या लाइनवरचं उथळ मीटर-चेंबर, मोठ्या तोंडाची स्वच्छ कोरडी टाकी, केबलचा कोरडा खड्डा, ही याची उदाहरणं. आता यातली कुठलीही अट पुन्हा वाचून बघा. प्रत्येक अट ‘आज’ची आहे. काल कोरडं असलेलं चेंबर आज पावसानं भरलेलं असेल. काल उघडी असलेली टाकी महिनाभर झाकून ठेवलेली असेल. म्हणून ‘कमी जोखीम’ हे जागेचं नाव नव्हे, तो त्या दिवशी, त्या कामापुरता तपासून काढलेला निष्कर्ष आहे. एक दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवण्यासारखं मुख्य काही असेल तर ते एवढंच : हा निष्कर्ष कसा काढायचा, आणि तो चुकतोय असं दिसलं की कसं थांबायचं.

कंदील बोलतो, पण सगळं सांगत नाही

आपल्या लोकांना हे काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. ज्वारीची पेवं तर गावोगावी होती. पेव फोडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडं ठेवून आतली वाफ जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला की उतरायचं नाही. जुन्या विहिरीत उतरतानाही हीच रीत.

यामागं पक्कं शास्त्र आहे. साठवलेलं धान्य श्वास घेत असतं, आतला ऑक्सिजन वापरतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तळाशी बसतो. साधी ज्योत ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की विझते. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. म्हणजे माणूस कोसळण्याच्या थोडं आधी कंदील विझतो. इशारा खरा असतो.

पण कंदील फक्त या एका धोक्याबद्दल बोलतो. गाळातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड असेल तर माणूस मरेल एवढ्या वायूतही कंदील मजेत जळत राहतो. डिझेल पंपाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड असेल तरी तेच. आणि मिथेन किंवा पेट्रोलची वाफ असेल तर कंदीलच स्फोटाचं कारण होतो. आजोबांच्या काळातल्या पेवात ना डिझेल इंजीन होतं ना थिनर. आज आहे. त्यामुळं मेणबत्ती, कंदील, जळता कागद टाकून बघणं हे आता सोडलेलंच बरं. आजोबांकडून उचलायचं असेल तर त्यांचं थांबणं उचलावं. उघडायचं, वाट बघायची, तपासायचं, मग उतरायचं.

“आत गेल्यावर गुदमरल्यासारखं वाटलं की येतो की वर,” असंही हमखास ऐकू येतं. इथंच शरीर फसवतं. गुदमरल्याची जाणीव ऑक्सिजन कमी झाल्यानं होत नाही, ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्यानं होते. हवेत ऑक्सिजनच नसेल तर श्वास नेहमीसारखा चालू राहतो, छाती भरते, रिकामी होते, त्रास काही जाणवत नाही. १६ टक्क्यांच्या खाली विचार मंदावतात, हातपाय जड होतात, आणि गंमत म्हणजे माणसाला सगळं ठीकच वाटत असतं. १० टक्क्यांच्या खाली शुद्ध हरपते. ६ टक्क्यांच्या खाली तर एक-दोन श्वासांत माणूस खाली पडतो. “वर ओढा” म्हणायलाही वेळ मिळत नाही.

वासाचंही तसंच. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. थोडा असताना येतो. दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. “मघाशी वास येत होता, आता गेला” याचा अर्थ गॅस गेला असा नसतो, कदाचित वाढलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

स्वच्छ जागा बिघडते कशी?

इथं थोडं थांबून बघू, कारण बहुतेक अपघातांच्या जागा आधी कुणालाच धोक्याच्या वाटलेल्या नसतात.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे नवीकोरी टाकी. स्लॅब पडला, पंधरा-वीस दिवस झाले, आता आतलं सेंट्रिंग काढायचं. टाकीत अजून काही भरलेलंच नाही, मग धोका कसला? पण आत ओल्या फळ्या आहेत, क्युरिंगचं साचलेलं पाणी आहे, वरचं तोंड एका माणसापुरतं. लाकूड कुजायला लागतं, सूक्ष्मजंतू ऑक्सिजन खातात, हवा बदलत नाही. सेंट्रिंग काढायला उतरलेला गडी खाली पडतो, त्याला काय झालं म्हणून बघायला दुसरा उतरतो. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून अशा बातम्या येत राहतात. गवंडी आणि सेंट्रिंगवाल्या वाचकांनी एवढं तरी लक्षात ठेवावं : नवी टाकी ही स्वच्छ टाकी नव्हे.

लोखंडी टाकीचं वेगळंच. रिकामी, कोरडी, बंद. आत फक्त गंज. पण गंज चढतो तोच हवेतला ऑक्सिजन घेऊन. बरेच दिवस बंद असलेल्या टाकीत ऑक्सिजन घसरायला तेवढं पुरतं.

काही वेळा धोका आपणच बरोबर नेतो. वॉटरप्रूफिंगचा रंग, थिनर, गॅस कटिंगचा पाइप, वेल्डिंग. विहिरीतलं पाणी उपसायला डिझेल किंवा पेट्रोलचा पंप खाली कठड्यावर उतरवतात, त्याचा धूर विहिरीतच कोंडतो. घरातली सगळ्यात साधी चूक म्हणजे संपच्या भिंतीवरची शेवाळ निघत नाही म्हणून ब्लीचिंग पावडर आणि बाथरूम धुवायचं ॲसिड एकत्र वापरणं. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. मोकळ्या अंगणात खोकला येईल, संपमध्ये फुप्फुसं जळतील.

आणि काही वेळा धोका शेजारून येतो. ड्रेनेजची लाइन फुटून तिचा गॅस पाण्याच्या चेंबरमध्ये झिरपतो. झाकणाजवळ कुणी टेम्पो चालू ठेवून उभा करतो. वर कुणालातरी माहीत नसतं की खाली माणूस आहे, तो मोटर चालू करतो.

मोटरवरून आठवलं. संपमधले सगळेच मृत्यू गॅसचे नसतात. सबमर्सिबल पंपाची वायर सोललेली, पायाखाली पाणी, भिंती ओल्या. करंट लागला की बाहेरून ते गॅससारखंच दिसतं, माणूस नुसता पडलेला. म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून ठेवायचा किंवा मेन पाडून त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात ठेवायची. आत उजेडासाठी घरचा २३० व्होल्टचा बल्ब वायर लांबवून सोडायचा नाही. बॅटरी वापरायची. १९४८ चा कारखाना कायदाही बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा नेऊ देत नव्हता.

एका दिवसात काय शिकवतात?

चांगल्या प्रशिक्षणात पहिला प्रश्न ‘कसं उतरायचं’ हा नसतो. ‘उतरायलाच हवं का’ हा असतो. संपचा गाळ वरून पंपानं उपसता येतो का? भिंती लांब दांड्याच्या ब्रशनं किंवा प्रेशरच्या पाइपानं धुता येतात का? आत काय बिघडलंय ते दोरीला मोबाइल बांधून व्हिडिओ काढून कळतं का? अर्धी कामं इथंच वरच्या वर होतात.

उतरावंच लागलं तर कागद. त्याला परमिट म्हणतात. जागा कुठली, काम काय, कोण उतरणार, वर कोण थांबणार, हवा किती वाजता तपासली, आकडे काय आले, परमिट किती वाजेपर्यंत. कामगारांना हा कागद म्हणजे साहेबांची कटकट वाटते. पण लिहायला बसलं की कळतं, ‘वर कोण थांबणार’ या रकान्यात लिहायला माणूसच नाही. मग काम थांबतं. कागदाचा उपयोग तोच.

मग चार गॅसचं मीटर. हातात मावेल एवढं यंत्र. ऑक्सिजन, पेट घेणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड, हे चार आकडे दाखवतं. ऑक्सिजन १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर असेल तर उतरायचं नाही. पेट घेणारा वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या १० टक्क्यांपर्यंत आला तर नाही. हायड्रोजन सल्फाइडसाठी दहा लाखांत १० भाग आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी ३५ भाग हे आकडे साधारणपणे अलार्मला लावलेले असतात. मीटर बाहेरच्या मोकळ्या हवेत चालू करायचं, ठाऊक असलेला गॅस दाखवून ते ओरडतं का बघायचं, मग नळीनं किंवा दोरीनं खाली सोडायचं. वर, मध्ये, तळाशी, तिन्ही ठिकाणी थांबून आकडा घ्यायचा. मिथेन हलका, तो वर. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड जड, ते खाली. फक्त तोंडाशी मीटर धरून “ओके” म्हणणं म्हणजे विहिरीच्या काठावरून खोली सांगणं.

या यंत्राची एक मेख आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी सांगतच नाहीत. नेहमीचं चार गॅसचं मीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजनचा आकडा २० च्या आसपासच दिसतो, मीटर गप्प राहतं, आणि ५ टक्क्यांत माणूस धापा टाकायला लागतो. त्यामुळं जिथं काही आंबतंय किंवा कुजतंय, म्हणजे मळीची टाकी, धान्याचं पेव, मुरघासाचा खड्डा, तिथं ‘कमी जोखीम’ हा शब्दच वापरायचा नाही. चिकोडी-अथणी-रायबाग पट्ट्यात साखर कारखान्यांच्या आसपास काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. आणि ऑक्सिजन २०.९ ऐवजी २०.४ दिसला तर तो मर्यादेत आहे म्हणून खूश होऊ नये. तो अर्धा टक्का कुणी खाल्ला किंवा कशानं ढकलला, हे आधी शोधावं.

दुपारच्या सत्रात मात्र सगळ्यांची बोलती बंद झाली. प्रशिक्षकांनी पन्नास किलोचं तांदळाचं पोतं दोरी बांधून सात-आठ फूट खोल खड्ड्यात ठेवलं आणि दोघा तगड्या पोरांना म्हणाले, “हा तुमचा दोस्त. बेशुद्ध आहे. काढा वर.” पोरांनी जोर लावला, पोतं तोंडाच्या कडेला अडकलं, फिरलं, परत खाली गेलं. दुसऱ्यांदा तेच. पोत्याला हातपाय नसतात, खांदे नसतात, तरी ही गत. माणूस म्हणजे साठ-सत्तर किलो, सैल पडलेला, दोन फुटांच्या तोंडातून. तिपाई, कप्पी आणि अंगात घातलेला, पाठीवर खांद्यांच्या मध्ये कडी असलेला हार्नेस का लागतो, ते सांगायला मग भाषण लागलं नाही.

वर थांबणारा

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस खाली नसतो. वर थांबणारा असतो. त्याचं काम एकच, तिथून न हलणं. चहाला नाही, फोनवर नाही, “जरा ते पान्हं आण” म्हटलं तरी नाही. खालच्याशी बोलत राहायचं, उत्तर आलं नाही की दोरी ओढायची आणि मदतीला हाक मारायची. आणि काहीही झालं तरी आपण खाली उतरायचं नाही.

हे शेवटचं वाक्य ऐकायला निष्ठुर वाटतं. खाली भाऊ पडलाय आणि वर उभं राहायचं? अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेनं १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात लिहिलं होतं की बंदिस्त जागांमधल्या मृतांत ६० टक्क्यांहून जास्त लोक हे वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडे आकड्याची गरज नाही, बातम्या पुरतात. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, तो गेला म्हणून दुसरा, मग तिसरा. एकापाठोपाठ उतरलेले पाच जण गेले. सहावाही उतरला होता. तो वाचला, कारण त्याच्या कमरेला दोरी होती आणि वरच्यांनी त्याला ओढून घेतलं. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच जणांचा असाच बळी गेला.

कमरेची दोरी काही उत्तम साधन नाही. बेशुद्ध माणूस तिच्यातून निसटू शकतो, पोटाला मार बसतो. पण सहा जणांत जिवंत राहिला तो दोरीवालाच.

‘मेले’ म्हणजे काय, ते आधी ठरवा

सीमाभागातला एक खास प्रश्न. आपल्या कुठल्याही साइटवर चार माणसं असतील तर तीन भाषा असतात. मिस्त्री मराठी, ऑपरेटर कन्नड, हेल्पर बिहार किंवा ओडिशाचा. प्रशिक्षण एका भाषेत होतं, फलक दुसऱ्या भाषेत असतो आणि घाबरल्यावर प्रत्येक जण आईच्या भाषेत ओरडतो. कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. “मेले बा” म्हणजे वर ये. खालून कन्नड गडी “मेले, मेले” म्हणून ओरडला तर त्याला वर यायचंय. वरच्या मराठी माणसाला ते कसं ऐकू येईल, हे सांगायला नको. त्या प्रशिक्षणात हे उदाहरण निघालं तेव्हा सगळे हसले, आणि मग एकदम गप्प झाले.

उपाय सोपा आहे. उतरण्याआधी दोघांनी मिळून चार खुणा ठरवायच्या आणि एकदा करून बघायच्या. दोरीला एक हिसका म्हणजे ठीक आहे, सलग हिसके म्हणजे ओढ, किंवा तुम्ही ठरवाल ते. शिट्टी चालेल, पत्र्यावर ठोका चालेल. शब्द ठेवायचाच असेल तर दोघांनाही एकच अर्थ कळेल असा एक ठेवायचा. आणि कुठल्याही कारखान्यात नव्या माणसाला आपल्याला न कळणाऱ्या भाषेतल्या परमिटवर सही करायला सांगितली तर त्यानं आधी ते वाचून दाखवायला सांगावं. यात भाषेचं राजकारण नाही.

कायदा कुठपर्यंत पोचतो?

१९४८ च्या कारखाना कायद्याचं ३६ वं कलम हे या विषयाचं मूळ. धोकादायक वायू, वाफ किंवा धूळ असण्याची शक्यता असलेल्या टाकीत, खड्ड्यात, पाइपात किंवा धुराड्यात पुरेशा मोठ्या तोंडाची वाट असल्याशिवाय कुणाला जाऊ द्यायचं नाही. जाऊ द्यायचं तर सक्षम व्यक्तीनं स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्यानं श्वसनाचं साधन आणि पट्टा घालायचा आणि त्या पट्ट्याच्या दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असायचं. सत्तरहून जास्त वर्षांपूर्वीचं वाक्य आहे, आजही एक अक्षर बदलावं लागत नाही. २०२० मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा कायदा सामावून घेतला आहे.

राज्यांचे नियम वेगवेगळे. कर्नाटकाचे १९६९ चे, महाराष्ट्राचे १९६३ चे, गोव्याचे १९८५ चे. तक्रार किंवा चौकशी कुठं करायची तर कर्नाटकात कारखाने, बॉयलर्स, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य विभाग, महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, गोव्यात कारखाने व बाष्पके निरीक्षणालय. शिनोळीला काम आणि बेळगावला घर असेल तर लागू होतात ते कामाच्या जागेच्या राज्याचे नियम, घराच्या नव्हे.

गटार आणि सेप्टिक टँक यांचा इथं विचारच नको. त्या कमी जोखमीच्या कधीच नसतात. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला त्यात उतरवणं गुन्हा ठरवलं आहे, आणि गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ च्या निकालात १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. सेप्टिक टँक भरली की सक्शनची गाडी बोलवायची. रोजंदारीवरच्या माणसाला “जरा उतरून बघ” म्हणायचं नाही.

पण घरचा संप? शेतातली विहीर? सोसायटीची टाकी? तिथं कारखाना कायदा येत नाही, निरीक्षक येत नाही. म्हणून कारखान्यात एक दिवस शिकून आलेल्या माणसानं ते घरी सांगितलं तर खरं.

घरी चार गॅसचं मीटर नसतं, हे मान्य. म्हणून घरचा नियम कारखान्यापेक्षा कडक हवा. मोजता येत नाही तिथं शक्यतो उतरायचंच नाही, वरूनच धुवायचं. पर्यायच नसेल आणि संप पिण्याच्या पाण्याचा, नेहमी वापरातला, गाळ नसलेला असेल तर सगळी झाकणं उघडून चांगला वेळ थांबायचं, टेबलफॅन नव्हे तर पाइप जोडलेला ब्लोअर लावून ताजी हवा तळापर्यंत सोडायची, प्लग काढायचा, ॲसिड न्यायचं नाही, शिडी काढायची नाही, हार्नेस घालायचा आणि वर दोन धडधाकट माणसं ठेवायची. एकटं घरी असताना नाही. मुलांना तर नाहीच, लहान तोंडातून तो सहज जातो म्हणून शाळकरी पोराला उतरवणारी घरं आहेत. डोकं दुखलं, चक्कर आली, डोळे चुरचुरले की त्याच क्षणी वर. “एवढा कोपरा उरकून येतो” नाही.

आणि खालचा माणूस पडलाच तर आधी आरडाओरडा, मग दोरी आणि ब्लोअर, आणि लगेच फोन. अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, दोन्ही सुचलं नाही तर ११२. फोनवर नुसतं “माणूस टाकीत पडलाय” म्हणू नका, त्यांना वाटेल पाण्यात बुडालाय. “टाकीत माणूस बेशुद्ध आहे, गॅसची शंका आहे, श्वासाचं यंत्र घेऊन या,” असं सांगा. पत्ता, जवळची खूण, आणि खाली किती जण आहेत तेही.

त्या दिवशी प्रशिक्षण संपल्यावर जेवणाच्या सुट्टीचा मुद्दा निघाला. सकाळी दहाला हवा तपासली, एकला सगळे जेवायला गेले, दोनला परत उतरायचं. परत तपासायचं का? प्रशिक्षक म्हणाले, “हो. तुम्ही जेवत होता तेव्हा टाकी काय करत होती ते तुम्हाला ठाऊक नाही.” मागच्या बाकावरच्या मामांनी वहीत ते लिहून घेतलं आणि विचारलं, “मग साहेब, घरचा संप यंदा वरनंच धुतला तर चालतंय नव्हं?”

“चालतंय की मामा.”